रस्ता उघडा आहे म्हणतात

फोंड्याला, जुन्या बसस्टँडमागे,
औषधाच्या दुकानावर माझं ऑफिस.
चवथ होऊन दोन आठवडे झाले,
माटोळीतला एक नारळ अजून
कॉम्प्युटरशेजारी पडून आहे, फोडायचा राहिला.

मुक्तिनाथ, बारा दिवस, सतरा माणसं.
निम्मे पैसे भरलेले.
आणि वर, डोंगरांच्या त्या देशात, संचारबंदी;
परवा उठवली म्हणतात,
काल पुन्हा लावली, आज कुणीच काही म्हणत नाही.

प्रियोळकर मास्तर नकाशाची झेरॉक्स घेऊन येतात.
जिथे जिथे जाळपोळ झाली
तिथे लाल पेनाचा गोल.
पेन गळकं आहे,
त्यामुळे अर्धा देश पेटल्यासारखा दिसतो.
त्यांच्या बायकोनं पणजीहून लोकरीचे मोजे आणलेत.
रोज संध्याकाळी, पंखा पाचावर ठेवून,
ते पायांत घालून ती तांदूळ निवडते.
सवय व्हायला हवी, म्हणते.

मी काय सांगू?
सरकारी पत्रक म्हणतं, अनावश्यक प्रवास टाळावा.
अठ्ठावीस वर्षं तिकिटं काढतेय,
कुठला प्रवास आवश्यक असतो
ते मला अजून कळलेलं नाही.

पोखऱ्याचा ड्रायव्हर फोनवर ओरडतो :
रस्ता उघडा आहे ताई, एकदम उघडा,
फक्त रात्रीचं नको,
आणि बेनीच्या पुढे दरड आहे,
पण ती तर नेहमीचीच.
त्याच्या आवाजात जळलेल्या टायरचा वास येत नाही.
हप्त्याचा येतो. गाडीचा हप्ता.

खालच्या भोजनालयात पूर्ण घर्ती मिरची भजी तळतो.
बागलुंगचा. सहा वर्षं इथे.
गिऱ्हाइकाला 'कितें जाय?' असं विचारतो
की कुळागरातच जन्मलाय वाटावं.
त्याला म्हटलं, आईला विचार ना, खरं काय ते.
चार दिवसांनी लाइन लागली होती.
त्यानं झारा ठेवला, फोन स्पीकरवर टाकला.

आधी कोंबड्या ऐकू आल्या.
मग ती बोलत राहिली, बराच वेळ,
आणि पूर्णनं एवढंच सांगितलं :
मका काढायला माणूस मिळत नाही.
आणि रस्ता?
पूल आहे. चौकी जळाली.
चौकीतला हवालदार आता मामाच्या दुकानात बसतो,
खुर्ची दिलीय त्याला.
चहाचे पैसे देतो का, असं मी विचारलं.
त्यानं विचारलं. ती हसली.
अजून नाही.

मग तिचा आवाज खाली गेला.
समुद्रतिर नजा है, बाबु.
पूर्ण माझ्याकडे न बघता हुं हुं करत राहिला.
हे त्यानं सांगितलं नाही, सांगावं लागलं नाही.
'नजा'ला दुभाष्या कशाला?
गेल्या मे महिन्यात मोरजीला
त्याच्या गावचा पोरगा, शॅकवर भांडी घासणारा,
सुट्टीच्या दुपारी लाल झेंड्याच्या अलीकडे उतरला होता.
अलीकडेच. सगळे तसंच सांगत होते.

समुद्र इथून दूर आहे, आई, पूर्ण म्हणाला.
फोंड्याहून समुद्र, बसनं, तासाभरावर.

रात्री मास्तरांना फोन केला.
म्हटलं, मला माहीत नाही.
ड्रायव्हर उघडा म्हणतो. पूल आहे.
हवालदार आहे, चौकी नाही.
दिवसाउजेडी जावं लागेल,
आणि परत येईपर्यंत
तुमच्या मुलीला रोज एक फोन.
पलीकडे बराच वेळ पंखा वाजत राहिला.
मग बाईंचा आवाज, मागून :
विचारा, तिकडे मोजे धुवायला मिळतात का.

सकाळी जिन्यात पूर्ण उभा होता,
हाताला बेसन तसंच.
दसैंला घरी जायचंय, गोरखपूरपर्यंत बघा.
मी बघितलं.
वेटिंग एकशे बारा.
त्यानं एकच विचारलं,
कन्फर्म होईल ना?